आर्जवाच्या दिवशी डॉज

मी फुटबॉल शिकवते. मुलं आठ ते अकरा वर्षांची, मैदान इंदूरच्या राजेंद्र नगरातलं, वेळ सकाळी सहा. थ्रो-इन, पास, चेंडू थांबवणं हे मुलं निम्मं एकमेकांचं बघूनच उचलतात. माझा घसा बसतो तो ड्रिब्लिंग शिकवताना, आणि ड्रिब्लिंगचा गाभा म्हणजे समोरच्याला फसवणं. डावा खांदा पाडायचा आणि उजवीकडून निघायचं. चेंडूवरून पाय फिरवायचा, पण चेंडूला लागू द्यायचा नाही. जोरात किक मारायचा आव आणायचा आणि ऐन वेळी तळव्याने चेंडू मागे ओढून घ्यायचा. पुस्तकांत या सगळ्याला वेगवेगळी नावं आहेत. इंदूरच्या पोरांकडे एकच आहे, डॉज. ‘क्या डॉज मारा भिया!’ याहून मोठी शाबासकी आमच्या मैदानावर नाही.

आठ वर्षांच्या मुलाला हूल द्यायला शिकवणं फार अवघड, कारण त्याच्या शरीराला खोटं येतच नाही. उजवीकडे जायचं मनात आलं की डोळे, हनुवटी, खांदे सगळे आधी उजवीकडे पोचतात, चेंडू बिचारा मागून येतो. समोरचा डिफेंडरही आठ वर्षांचाच असला तरी त्याला एवढं कळतं. तर हा सरळपणा मोडणं हे माझं काम. पालक त्यासाठीच मुलाला पहाटे उठवून, दुधाचा पेला हातात देऊन मैदानावर पाठवतात.

पहिले काही आठवडे फसवणुकीचा विषयच काढत नाही. फक्त पाय आणि चेंडू यांची ओळख. लहानांना चार नंबरचा चेंडू देते. मोठ्यांचा पाच नंबरचा चारशे दहा ते साडेचारशे ग्रॅम भरतो, तो या पायांना जड. तळव्याने चेंडू पुढे-मागे लोळवणं, दोन्ही पायांच्या आतल्या बाजूंनी टकटक, मग एकाच पायाच्या आतून आणि बाहेरून. हे चालू असताना मान वर. मान वर ठेवणं हेच सगळ्यात शेवटी येतं. चेंडूवरची नजर उचलली की चेंडू जाईल कुठेतरी, अशी भीती मुलांच्या मानेत बसलेली असते. पावसाळ्यात आणखी वेगळी तऱ्हा. माळव्याची काळी माती बुटाला धरते, चेंडू जिथे टाकाल तिथेच बसून राहतो, आणि मग आम्ही मंचाजवळच्या मुरमाच्या पट्ट्यावर दाटीवाटीने सराव करतो. दाटी ड्रिब्लिंगला चांगली. मोकळ्या मैदानावर मुलं नुसती पळतात.

मग रांगेतून नागमोडी. प्लॅस्टिकचे कोन माझ्याकडे कधीच पुरेसे नसतात, म्हणून उरलेल्या जागी मुलांच्या चपला. माझे वडील संस्कृतचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर फिरायला म्हणून मैदानावर येऊन बसत. चपलांमधून चेंडू नेणारी मुलं बघून म्हणाले, ‘‘अगं, ही तर गोमूत्रिका.’’ चालता चालता बैल मुतला की धुळीत जी वळणावळणाची रेघ उमटते, ती. महाभारताच्या शल्यपर्वात भीम आणि दुर्योधनाचं गदायुद्ध आहे. तिथे दोघे मंडलं घेतात, पुढे झेपावतात, मागे सरतात, त्या पवित्र्यांच्या वर्णनात हा शब्द येतो. मी कौतुकाने मुलांना तो सांगितला. तेव्हापासून त्या ड्रिलला मैदानावर जे नाव पडलं आहे ते इथे छापण्यासारखं नाही.

प्रश्न आला तो भाद्रपदात. त्या दिवसांत इंदूरमध्ये दोन उत्सव हातात हात घालून चालतात. आमच्या घरी चतुर्थीला गणपती बसतो, दुसऱ्या दिवशी पंचमीला दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व सुरू होतं, आणि दोन्ही अनंत चतुर्दशीला संपतात. त्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला सगळं शहर रस्त्यावर असतं. पर्वाच्या तिसऱ्या दिवशी, घरी गौरींची तयारी अर्धवट टाकून मी मैदानावर आले होते, तर एक नऊ वर्षांचा मुलगा बूट न घालताच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ‘‘मॅडम, आज उत्तम आर्जव है. आज डॉज मारूं कि नहीं?’’

आपण मराठीत आर्जवं करतो ती मनधरणीची. हे आर्जव म्हणजे ऋजुता, सरळपणा. दहा दिवसांचे दहा धर्म. पहिला क्षमा, दुसरा मार्दव, तिसरा हा. जैन विचारात जीवाला मळवणारे चार कषाय मानले आहेत, क्रोध, मान, माया आणि लोभ. त्यातली माया म्हणजे कपट, आणि आर्जव हा तिच्यावरचा उतारा. मंदिराच्या पाठशाळेत मुलाला जे शिकवलं होतं ते अगदी नेमकं होतं: मनात असेल तेच बोलण्यात, बोलण्यात असेल तेच करण्यात. आता या व्याख्येसमोर माझी हूल ठेवून बघा. मनात उजवीकडे, अंगात डावीकडे. दुसरीकडे कुठे शोधायलाच नको, कपटाचं आदर्श उदाहरण म्हणून पाठशाळेच्या फळ्यावर काढावं असं.

‘‘खेळात चालतं रे,’’ हे उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. हे शहर व्यापाऱ्यांचं आहे आणि त्या मुलाच्या घरी कापडाचं दुकान आहे. ‘धंधे में चलता है’ हे वाक्य त्याने जेवणाच्या ताटावर ऐकलं असणार, आणि पाठशाळेत त्याला नेमकं त्याच वाक्याविरुद्ध शिकवत असणार. ‘यात चालतं’ असं म्हणून जगातून कापून काढलेल्या जागा फार झाल्या आहेत. धंदा एक, निवडणूक दुसरी, लग्नाच्या बोलणीतली मुलाच्या पगाराची गोष्ट तिसरी. त्यात माझ्या मैदानाची भर घालायची तर कारण तरी द्यायला हवं, आणि ते माझ्याजवळ तयार नव्हतं. म्हटलं, ‘‘आज तू डिफेन्सला राहा.’’ तो खूश झाला. मी नाही झाले.

पहिला आधार मला त्या गदायुद्धातच सापडला. भीम आणि दुर्योधन दोघेही बलरामाचे शिष्य. सरस्वतीकाठची तीर्थयात्रा आटोपून बलराम ऐन द्वंद्वाच्या वेळी तिथे येतो आणि बघायला बसतो. दोघे एकमेकांना चकवत असतात, तासन्‌तास. शेवटी भीमाचा घाव फुकट जावा म्हणून दुर्योधन वर उडी घ्यायला जातो. भीम ते ओळखतो आणि उडत्या दुर्योधनाच्या मांड्या फोडतो. बलराम नांगर उचलून भीमावर धावतो. नाभीखाली घाव घालायचा नाही हा गदायुद्धाचा नियम. कृष्ण त्याला मिठी मारून अडवतो, भीमाची प्रतिज्ञा सांगतो, कौरवांनी केलेला छळ सांगतो. बलरामाला काही पटत नाही. भीम जगात कुटिल योद्धा म्हणूनच ओळखला जाईल, असं बजावून तो द्वारकेला निघून जातो.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते बलराम कशावर चिडला नाही, ते. दुर्योधनाच्या उडीचा हेतू भीमाला फसवण्याचाच होता. त्यावर बलराम अवाक्षर काढत नाही. काढेल कसा, ती मंडलं, त्या हुली त्यानेच दोघांना शिकवलेल्या. कोच होता तो. प्रतिस्पर्ध्याला फसवणं आणि खेळालाच फसवणं या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात पूर्ण वेगळ्या होत्या, आणि कृष्णाला त्या एकात मिसळू द्यायला तो तयार नव्हता. कृष्णभक्तांच्या घरात वाढूनही या प्रसंगात मी बलरामाच्या बाजूची आहे.

फुटबॉलचा कायदा हीच रेघ ओढतो, आणि फार बारकाईने ओढतो. शरीराने समोरच्याला चकवा, कितीही चकवा. पण धक्का लागला नसताना लागल्यासारखं लोळलात तर पिवळं कार्ड, कारण तिथे फसवला जातो तो रेफरी. पेनल्टी घेताना धावत येता येता हूल दिलेली चालते; धाव पूर्ण झाल्यावर किक मारण्याची हूल दिलेली चालत नाही. हे २०१० साली कायद्यात स्पष्ट केलं. गोलकीपर बिचारा रेषेवर बांधलेला, त्याला शेवटी एक तरी खरा क्षण मिळाला पाहिजे.

या रेघेच्या दोन्ही बाजू एकाच माणसाने, एकाच सामन्यात दाखवून ठेवल्या आहेत. २२ जून १९८६, मेक्सिको सिटी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. एक्कावन्नाव्या मिनिटाला मॅराडोनाने हाताने चेंडू गोलात ढकलला. ट्युनिशियाचे रेफरी अली बेन्नासूर यांना दिसलं नाही, गोल दिला गेला. चारच मिनिटांनी त्याने आपल्याच अर्ध्या मैदानात चेंडू घेतला आणि वाटेतल्या सगळ्यांना, शेवटी गोलकीपर शिल्टनलाही, हूल देत दुसरा गोल केला. फसवलेल्यांची संख्या मोजली तर दुसऱ्या गोलात जास्त भरेल. तरी चाळीस वर्षं होत आली, इंग्लंडचे लोक पहिल्यावर दात-ओठ खातात आणि दुसऱ्यापुढे मान तुकवतात. पहिला गोल मॅराडोनाने देवाच्या खात्यावर टाकला, हे मला एकूण धर्माच्या इतिहासाला धरूनच वाटतं. दुसऱ्यासाठी त्याला देवाची गरज पडली नाही.

पण एवढ्याने मुलाचा प्रश्न सुटत नव्हता. त्याने नियम विचारलाच नव्हता. पिवळं कार्ड कशाला मिळतं हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्याला विचारायचं होतं की नियमात बसूनही मन वाकडं होतं का.

याचं उत्तर मला पोथीत मिळालं नाही, चपलांच्या रांगेत मिळालं. खोटं बोलायला आधी एक खरं लागतं. कापड धुतल्यावर आटणार हे दुकानदाराला ठाऊक असतं, आणि तो आटणार नाही म्हणतो. ड्रिब्लिंग करणाऱ्या मुलाकडे असं दडवलेलं खरं असतं का? नवशिक्याकडे असतं. तो घरूनच ठरवून आलेला असतो की डावीकडे दाखवायचं, उजवीकडे जायचं. खांदा पाडतो, पण नावापुरता, आणि समोरचा हलो न हलो, उजवीकडे घुसतो, बहुतेक वेळा थेट डिफेंडरच्या पायात. त्याची हूल खोटी असते म्हणूनच ती कुणाला फसवत नाही.

जमू लागलेल्या मुलाचं बघा. तो डावीकडे खरंच निघतो. गुडघा वाकलेला, वजन टाकलेलं, चेंडू त्या बाजूला न्यायची पूर्ण तयारी. डिफेंडरने वजन तिकडे टाकलं तर हा उजवीकडून जातो. नाही टाकलं तर डावीकडूनच जातो, कारण ती वाट मोकळी आहे. त्या क्षणी ‘मी कुठे जाणार’ याचं उत्तर त्याच्या मनात लपवलेलं नसतं. ते अजून तयारच झालेलं नसतं. निम्मं उत्तर समोरच्याच्या टाचेत असतं. मन डावीकडे, अंगही डावीकडे, आणि पुढच्या क्षणी दोन्ही मिळून उजवीकडे. मैदानावर मी जे सतत ओरडत असते ते इतकी वर्षं माझ्याच कानांवर पडलं नव्हतं: ‘‘सच्ची जा, सच्ची! झूठा मत जा!’’ आठ वर्षांचा सरळपणा मोडणं हे माझं काम, असं वर म्हटलं. खरं तर मोडायचा असतो तो आधीपासून केलेला बेत. म्हणूनच चेंडूवरून नुसते पाय गरागरा फिरवणारं स्टेप-ओव्हर मी उशिरा शिकवते. टीव्हीवर बघून मुलं ते आल्या दिवसापासून मागतात. त्यात जाण्याची तयारी नसते, आरशापुढचा नाच असतो.

माझ्या या म्हणण्याला एक मोठी अडचण आहे आणि तिचं नाव गारिंचा. १९५८ आणि १९६२च्या विश्वचषकांतला ब्राझीलचा हा वाकड्या पायांचा खेळाडू जवळजवळ नेहमी उजवीकडूनच जायचा. त्याच्याआधी इंग्लंडचा स्टॅनली मॅथ्यूजही तसाच. आत वळतोय असं दाखवायचा आणि बाहेरून निघायचा. १९५३च्या एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात अडतिसाव्या वर्षी त्याने याच एका युक्तीवर बोल्टनच्या बचावाची दैना केली, ब्लॅकपूल ४–३ जिंकलं. दोघांचं आधीच ठरलेलं होतं. मग हे खोटारडे? पण ज्याला फसवायचं त्यालाही ते ठाऊक होतं! सगळ्या स्टेडियमला ठाऊक होतं. कुठे जाणार हे उघड. केव्हा जाणार एवढंच उघडं नव्हतं, आणि ते त्या क्षणापर्यंत त्यांच्या स्वतःच्या पायांनाही माहीत नसावं. जे खोटं सगळ्यांना आधीपासून माहीत आहे आणि तरी दर वेळी लागू पडतं, त्याला खोटं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तर्काचा पक्का माणूस मला तरी सोडणार नाही. म्हणेल, दोन्ही दारं उघडी ठेवलीस हे मान्य, पण समोरच्याने चुकावं ही इच्छा तर आहेच ना? आहे. ती मी धुऊन काढू शकत नाही आणि काढायचीही नाही. पण विश्वासघाताला आधी विश्वास लागतो. डिफेंडर विश्वास ठेवायला उभा राहिलेला नसतो, पारखायला उभा असतो. तुम्ही त्याला हूल न देता चेंडू हळूच बाजूने नेलात तर तो रागावेल, आणि बरोबर रागावेल. शिवाय माझ्याकडे दर पाच मिनिटांनी शिट्टी वाजते आणि जोड्यांची अदलाबदल होते. आत्ता फसलेला आता फसवणार.

डिफेंडरलाही शिकवावं लागतं, आणि त्या शिकवणीत वेदान्त जास्त आहे. आडवं उभं राहा, समोरासमोर नको. चवड्यांवर राहा. घाईने पाय टाकू नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खांदे बघू नको, डोळे बघू नको, चेंडू बघ. खांदे हूल देतात, नजर हूल देते, चेंडू कधीच देत नाही. तो असतो तिथेच असतो. दोरीवर साप दिसला तर दोरीने काही केलेलं नसतं, साप बघणाऱ्याने आणलेला असतो. पडलेल्या खांद्यावरून ‘हा डावीकडे गेलाच’ असं पूर्ण चित्र रंगवतो तो डिफेंडरच. त्याला मी सांगते, चित्र रंगवू नको, जेवढं आहे तेवढंच बघ. इथून तासाभरावर महू आहे. तिथले शंकर लक्ष्मण लहानपणी फुटबॉलमध्ये फुलबॅक खेळायचे. १९४७ साली मराठा लाइट इन्फंट्रीत बँडवाले म्हणून भरती झाले, हॉकीकडे वळले आणि भारताचे गोलकीपर झाले. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतावर एकही गोल झाला नाही. हॉकीतल्या स्टिकच्या करामती म्हणजे हुलींचं माहेरघर. महूच्या मैदानावर फुलबॅक म्हणून त्यांच्या डोळ्यांना कोणती सवय लागली असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. मुलांना मॅराडोना माहीत असतो, शंकर लक्ष्मण नसतात. निदान इंदूरच्या मुलांना तरी असायला हवेत.

एका बाबतीत मात्र मी पाठशाळेपेक्षाही कडक आहे, आणि ती म्हणजे जीभ. कायदाही इथे कडक आहे: बोलून प्रतिस्पर्ध्याचं लक्ष उडवलं तर ताकीद. आमच्याकडे पोरं मागून येऊन ‘छोड़!’ ओरडतात, चेंडू असलेल्याला वाटतं आपलाच गडी आहे, तो चेंडू सोडतो. मी हे बंद केलं आहे. ओरडायचं तर नाव घेऊन ओरडा. मुलं वाद घालतात, अंगाने फसवलं तर डॉज आणि तोंडाने फसवलं तर फाउल, हे कसं? मी त्यांना मैदानाच्या कडेची गल्ली दाखवते. चेंडू तिकडे गेला आणि स्कूटर येत असली की कुणीतरी ‘गाड़ी!’ ओरडतं आणि सगळे जागच्या जागी थांबतात. कुणाचा पाय मुरगळला तरी ‘रुको’ म्हणताच थांबतात, अगदी गोल होत असला तरी. खांद्यावर कुणी विसंबत नाही म्हणून खांद्याला सूट आहे. शब्दावर आम्ही विसंबतो, त्याने मैदानावरचे जीव वाचतात; त्याला हुलीच्या कामाला लावलं तर उद्या खऱ्या स्कूटरला कोण थांबेल?

आर्जवाच्या प्रश्नाचा तो मुलगा स्वतःच एकदा एकटा फॉरवर्ड गोलाकडे सुटलेला बघून ‘गाड़ी!’ ओरडला होता. गल्ली रिकामी होती. पर्व संपल्यावर क्षमावाणीचा दिवस असतो, त्या दिवशी जैन मंडळी वर्षभरातल्या चुकांबद्दल एकमेकांची क्षमा मागतात. त्या सकाळी हा सगळ्यांना हात जोडत फिरला, माझ्यापुढेही नुसतेच जोडले. त्या फॉरवर्डपुढे मात्र थांबला आणि म्हणाला, ‘‘वो गाड़ी वाली के लिए.’’ त्याच फॉरवर्डच्या दोन पायांमधून याने वर्षभरात कितीदा चेंडू काढला असेल. त्याचं नावही काढलं नाही. फॉरवर्डलाही ते खटकलं नाही.

पुढच्या वर्षी तो मोठ्या गटात जाईल. तिथे पेनल्टी बॉक्समध्ये कसं पडायचं हे शिकवणारेही भेटतात. कुठल्या कोचकडे घालू म्हणून त्याची आई मला विचारते. मी नाव सांगत नाही. सांगते, दोन सकाळी जाऊन कडेला बसा, आणि एखादा मुलगा बॉक्समध्ये पडला की कोच आधी कुणाकडे बघतो ते बघा, मुलाकडे की रेफरीकडे.